शाहिरांचा श्रोता

वाचकहो, रुग्णाची माहिती लिहून घेताना आम्ही डॉक्टर मंडळी पुष्कळ प्रश्न विचारतो. मधुमेह किती वर्षांपासून आहे, रक्तदाब कसा असतो, तंबाखूची सवय आहे का, रात्री झोप लागते का. आयुष्यभर कोणाचे गाणे ऐकलेत, हा प्रश्न त्या यादीत नसतो. ज्यांच्या घरी पक्षाघाताचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांनी मात्र तो आवर्जून विचारावा. का, ते माझ्या एका रुग्णाच्या निमित्ताने सांगतो.

हे गृहस्थ मूळचे वाई भागातले. उमेदीची वर्षे लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली आणि १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी, तेही वाईजवळच. त्यामुळे शाहिरांविषयीचा त्यांचा जिव्हाळा आधी मुलखाचा होता, कलेचा तो मागाहून झाला. ऐकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद त्यांनी एका जाड वहीत ठेवली होती. तारीख, ठिकाण, कोण सोबत आले होते, आणि परतताना शेवटची गाडी मिळाली की चालत यावे लागले, हेसुद्धा. कॅसेटींची पेटी त्यांनी उन्हापावसापासून अशी जपली की घरातले दागिनेही कोणी इतके जपत नसेल.

त्यांची एक तक्रार असे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हटले की लोक शाहिरांचे नाव घेतात आणि तिथेच थांबतात. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहिरांचा आवाज लाभलेले हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण पेढा हातावर ठेवताना ते प्रत्येकाला विचारत होते, “‘आंधळं दळतंय’ पाहिलंत का कधी? ‘यमराज्यात एक रात्र’?” मुक्तनाट्ये लिहिणारा आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी यांची कला एका रंगमंचावर आणणारा कलावंत एका गाण्यापुरता उरावा, हे त्यांना सलत असे. मला त्यांचे म्हणणे पटते. समारंभात उभे राहून मान देण्यात आपण तत्पर असतो. बसून ऐकण्याला वेळ लागतो.

पुढच्याच वर्षी एका रात्री त्यांची जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले. सकाळी दवाखान्यात नेऊ, असे घरच्यांनी ठरवले. येथे थोडे थांबून सांगतो. बोलणे अचानक अडखळले, हात लुळा पडला, चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सर्वांना नाही. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवावी आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे.

ते वाचले, पण उजवी बाजू दुबळी झाली आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळत असे. स्वतः बोलू गेले की एकच निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा बाहेर येई. मग ते रागाने डावा हात खाटेवर आपटत.

दोनेक महिन्यांनी सुनेने सहज कॅसेट लावली. दुसऱ्या ओळीपासून सासरे गाऊ लागले. शब्द स्पष्ट, ठेका अचूक. घरात आनंदीआनंद झाला. मात्र आठवडाभरातच त्या आनंदाला वेगळेच वळण लागले. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. “डॉक्टर, अख्खं गाणं म्हणतात हे. मग पाणी मागायला काय होतं? पोरगा म्हणतो, बाबा सोंग करतात.”

वाचकहो, हे सोंग नव्हे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेची मुख्य केंद्रे डाव्या अर्ध्या भागात असतात आणि त्यांचे नुकसान याच भागात झाले होते. सूर आणि चाल यांत उजव्या भागाचा वाटा मोठा असतो. शिवाय शेकडो वेळा घोळलेले गाणे हे नव्याने जुळवलेले वाक्य नसते. ते मुरलेल्या सवयीसारखे आपोआप पुढे सरकते. “मला पाणी द्या” हे मात्र दर वेळी नव्याने रचावे लागते. म्हणून गाणे येते आणि पाणी मागता येत नाही. मी मुलाला बोलावून हे समजावले. तो बराच वेळ गप्प बसला. त्या दिवसापासून घरातला सोंगाचा विषय संपला, आणि माझ्या दृष्टीने कोणत्याही गोळीपेक्षा ते मोलाचे होते.

गाण्याच्या या वाटेने बोलण्याकडे जाण्याची एक पद्धतही आहे. १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी ती मांडली. रोजच्या गरजेची छोटी वाक्ये चालीवर म्हणायची आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरायचा. गुण सर्वांना सारखा येत नाही. वाचा-उपचार तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ती करावी. आमच्या या गृहस्थांना चार-पाच महिन्यांत “पाणी दे”, “नको” आणि पत्नीचे नाव एवढे साधले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी पत्नीला नावाने हाक मारली नव्हती. आता मारतात, तीही चालीवर! बाईंना लाज वाटते आणि बरेही वाटते.

आपण घरी गाणी लावणार असाल तर ती रुग्णाच्या तरुणपणातली असावीत, आपल्या आवडीची नव्हेत. आवाज बेताचा ठेवावा, दूरचित्रवाणी बंद करावी, श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले आहे ना ते पाहावे. जेवताना गायला लावू नये. गिळण्याचा त्रास असल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गाणे ऐकून रुग्ण रडला, तर घाबरून लगेच बंद करू नये. पक्षाघातानंतर रडू सहज फुटते, ते प्रत्येक वेळी दुःखाचेच असते असे नाही. चेहऱ्याकडे पाहावे, मान हलवून “चालू ठेवू का?” असे विचारावे. नको म्हटले तर मात्र थांबावे.

कॅसेटींना आता बुरशी लागू लागली आहे. नातवाने त्या संगणकावर उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. कोणती फीत कोणत्या कार्यक्रमाची, हे तो वही उघडून आजोबांना वाचून दाखवतो आणि ते मानेने होय-नाही सांगतात. परवा त्याने एका गावाचे नाव चुकीचे वाचले. आजोबांनी डावा हात उचलून त्याला थांबवले, दोनदा खाटेवर ठेका धरला आणि बरोबर नाव गाऊन सांगितले.