ताडोबातली गाईडताई

बालमित्रांनो, सहलीला गेलात की तुम्हांला गाईड भेटतोच. अजिंठ्याला भेटतो, दौलताबादच्या किल्ल्यावर भेटतो. तिथलं लेणं काही जागचं हलत नाही. तोफ काल जिथं होती तिथंच आजही असते. गाईडनं बोट दाखवायचं आणि आपण मान वर करून पाहायचं! पण ज्या गाईडला दाखवायचं तेच चार पायांचं, पट्टेदार आणि आपल्या मर्जीचं मालक असेल, तर त्या गाईडनं काय करावं? अशाच एका गाईडताईबरोबर आमच्या शाळेची सातवीची मुलं ताडोबाचं जंगल पाहून आली. तिचे अनुभव तुम्हांला सांगतो.

आधी ताडोबाची थोडी ओळख करून घेऊ. चंद्रपूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर मोहर्ली गाव आहे. तिथं या जंगलाचं एक प्रवेशद्वार आहे. 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान बरं का! 1986 साली शेजारचं अंधारी अभयारण्य झालं, आणि 1995 साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. आतला गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा. त्याच्या भोवती सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र आहे. या बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत. म्हणजे माणसं आणि वाघ एकमेकांचे शेजारीच!

गाईड घेतल्याशिवाय इथं सफारीला जाता येत नाही. हे गाईड बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात. त्यात आता बायकाही आहेत. आमची ताई मोहर्लीजवळच्याच एका गावची. पावसाळ्यात गाभ्याची सफारी बंद असते. तेव्हा ती धानाच्या रोवण्याला जाते.

मुलं कँटरमध्ये बसली. ताईनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "पोट्टेहो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. कागद-पन्नी खाली टाकायची नाही. अन् तोंडाले कुलूप!"

कुलूप काही लागलं नाही. लगेच मागून प्रश्न आला, "ताई, वाघ दिसेल का?"

"वाघाले मी काही फोन नाही केला बाबू! अन् मोबाईल तं आत न्यायलेच बंदी आहे."

सगळी गाडी हसली. पण ताई मला हळूच म्हणाली, "गुरुजी, हा प्रश्न मले रोज सकाळी पडते. मोठी माणसं तं लहान पोरांपेक्षाही जास्त विचारतात."

गाडी थोडी पुढं गेली आणि ताईनं थांबवायला सांगितलं. रस्त्याच्या धुळीत वाघाचा माग उमटला होता. आता सांगा पाहू, हा माग ताजा की शिळा, हे कसं ओळखायचं? ताईनं मुलांनाच विचारलं. कोणाला सांगता येईना. मग तिनं दाखवलं. मागावर गाडीच्या चाकाची नक्षी उमटली असेल, तर वाघ आधी गेला आणि गाडी नंतर. माग चाकाच्या नक्षीवर उमटला असेल, तर गाडी आधी गेली आणि वाघ नंतर! आमचा माग चाकाच्या नक्षीवरच होता. मुलांनी श्वास रोखून धरला. यावेळी मात्र कुलूप आपोआप लागलं!

जंगलात बातमीदारही असतात. वानर झाडाच्या शेंड्यावर बसतं, त्यामुळे त्याला लांबचं दिसतं. वाघ किंवा बिबट दिसला की ते खाकरल्यासारखं ओरडतं. चितळ शेपटी उभारतं, पाय आपटतं आणि कूक देतं. पण चितळ भित्रं. ते भलत्याच गोष्टीलाही घाबरतं. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. म्हणून सांबराचा आवाज आला की गाईडचे कान टवकारतात. ही भाषा ताई कोणत्या पुस्तकातून शिकली? "आईसंग सरपण आणाले जात होतो ना, तवाच शिकलो," ती म्हणाली. तिकडच्या बोलीत बायकाही असं म्हणतात बरं का!

एवढ्यात बांबूच्या रांजीतून सांबराचा आवाज आला. ढांक! पुन्हा एकदा, ढांक! पुढं दोन जिप्सी होत्या. त्या भराभर आवाजाच्या दिशेनं सरकल्या. आमच्या मुलांनाही वाटलं, आपणही जावं. पण ताईनं चालकाला मागंच थांबवलं. "वाघाले रस्ता पार करायचा असंल, तं त्याले वाट नको का?" ती म्हणाली. दहा-पंधरा मिनिटं आम्ही गप्प बसलो. सांबर थांबलं. वाघ काही बाहेर आला नाही. दोन-चार चेहरे पडले, एकाच्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

ताईला हे नवीन नव्हतं. कितीतरी पाहुणे वाघ दिसला नाही की तिच्यावरच रुसतात. "गाडी जवळ घ्या, बक्षीस देतो," असंही कोणी म्हणतं. ती नाही म्हणते. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते ठाऊक आहे? एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते, आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवली. पुढं गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. उच्च न्यायालयानंही स्वतःहून त्याची दखल घेतली. हौस पाहुण्यांची, पण रोजी गेली गाईडची!

दुपारी ताडोबा तलावाजवळ ताईनं तारूची कथा सांगितली. तारू हा इथल्या गोंड गावाचा प्रमुख. या तलावाच्या काठी त्याची वाघाशी झुंज झाली आणि त्यात तो गेला. लोकांनी त्याला देव मानलं. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडलं, असं मानतात. पौष महिन्यात इथं यात्रा भरत आली आहे.

तेव्हा एका मुलीनं विचारलं, "ताई, तुम्हांला वाघाची भीती नाही वाटत?"

"गाडीत नाही वाटत," ताई म्हणाली. "मोह वेचताना वाटते."

मित्रांनो, या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. पहाटेच उठून बायामाणसं ती वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपानं तोडायची असतात. ही कामं वाकून करावी लागतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसत असावा, असं जाणकार सांगतात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले, आणि त्यांतले सर्वांत जास्त आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्या अभिमानाची किंमत कोण देतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर 2021 पासून छत्तीसगडकडून रानहत्तीही आले आहेत. तिथल्या धानाच्या बांध्या ते तुडवतात.

मग ताई वाघावर रागावते का? नाही. वाघामुळेच तिच्या घरी पगार येतो, मुलांची फी भरली जाते. पण ती म्हणते, "वाघ माणसाले बिचकला पाहिजे. गाड्या रोज त्याच्या अंगावर गेल्या, तं त्याची भीड मोडते. मंग तो आमच्या वावरात आला, तं कोण हाकलंल?" आता समजलं ना, ताईनं गाडी मागं का थांबवली? तिथं सोडलेली वाट वाघासाठी होती, तशीच तिच्या गावासाठीही होती.

परत निघताना ताईनं मुलांच्या वह्या पाहिल्या. कासवाच्या पाठीसारख्या सालीचा ऐन, पांढऱ्या खोडाचं कुलू, गवा, मोर, रानडुक्कर, तलावातली मगर आणि वाघाचा माग. एवढं सगळं लिहून झालं होतं. जो मुलगा रडवेला झाला होता, त्यानं सांबराचा आवाज काढून दाखवला. अगदी हुबेहूब!

तुम्हीही कधी ताडोबाला जाल. मंगळवारी जंगल बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. भडक कपडे घालू नका, सोबत एक वही न्या. आणि गाईडनं गाडी मागं थांबवली, तर "पुढं घ्या" असं म्हणू नका. मोठ्यांपैकी कोणी म्हणालंच, तर त्यांना का ते समजावून सांगा. सांगाल ना?