चिरिमेनचा रुमाल

एका दिवंगत स्नेह्याने जपानाहून आम्हांस आणून दिलेला चिरिमेनचा रेशमी रुमाल परवा आमच्याच हातून पाण्यात पडला व आखडला. आम्ही फार हळहळलो. परंतु त्या वस्त्राचा जन्मच आखडण्यातून होतो. क्योतोतील निशिजिन येथे ही विद्या शिकून किनुया साहेइजी याने ती १७२० साली तांगो प्रांतातील मिनेयामा येथे रुजविली. आडव्या धाग्यास मीटरमागे सुमारे ३००० पीळ देतात. आलटून पालटून उजवा नि डावा. मागावर वस्त्र सपाटच असते. पुढे उकळून रेशमाचा चिकट लेप काढला, म्हणजे कोंडलेला पीळ उसळतो आणि अंगभर बारीक सुरकुत्या उमटतात. आपल्या श्रमाची शोभा विणकरास मागावर दिसतच नाही! असो. स्नेह्याची ती खूण आता आम्हांस बिघडलेली वाटत नाही.