तुरीचे सोले

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. शाळेची घंटा झाली की तो कानांवर हात ठेवून बाकाखाली बसायचा. हाक मारली तरी बघायचा नाही. मी त्याला हट्टी समजले आणि दोनदा वर्गाबाहेर उभे केले. बी.एड. झालेली होते, पण ‘स्वमग्नता’ हा शब्द माझ्यासाठी परीक्षेपुरताच होता.

पुढे माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा झाला आणि कुकरची शिट्टी झाली की कान झाकू लागला. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी मोबाइलला दोष दिला, कुणी माझ्या नोकरीला. खरे तर स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. आईच्या वागण्याने तो होत नाही आणि तावीजने जात नाही.

मुलगा फक्त भात, दूध आणि बिस्किटे खायचा. ‘गहू-दूध बंद करा, बरा होईल,’ असे ऐकून मी दोन्ही बंद केले. दोन महिन्यांत पोर वाळून गेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावले, ‘अशा पथ्याने स्वमग्नता जाते याला भक्कम पुरावा नाही. तीनच गोष्टी खाणाऱ्याच्या ताटातून दोन काढल्या तर तो खाणार काय?’

वाट सापडली ती शेतात. तेल्हाऱ्याजवळ माझ्या जेठांचे शेत आहे. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. मुलगा धुऱ्यावर बसून तासभर शेंगा सोलत राहिला. दाणे ओळीत मांडले आणि एक तोंडात टाकला. कुणी आग्रह केला नव्हता. महिन्याने भातात चार सोले चालू लागले, मग ज्वारीच्या कण्या, मग हरभऱ्याचे घाटे. याला आठ महिने लागले. आहाराने तो ‘बरा’ झाला नाही. पोट साफ होऊ लागले, झोप लागू लागली आणि त्यामुळे चिडचिड कमी झाली.

आता सुट्टीच्या दिवशी त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी वाफ्याला पाणी, मग शेंगा, मग बकऱ्यांना पाला. सालदार काका मोजकेच बोलतात, हाताने दाखवतात. त्याला तेच समजते. फवारणीच्या दिवशी मात्र त्याला शेतात नेत नाही. 2017 साली यवतमाळात फवारणीने घेतलेले बळी आपण विसरू नयेत.

पुणे जिल्ह्यात कोळवणला ‘साधना व्हिलेज’मध्ये बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे कुटुंबासारखी एकत्र राहतात, कामे करतात. आपल्याकडे मोहल्ला आहे, शेत आहे, खाला-फूफी आहेत. लग्नघरी आता फूफी त्याच्यासाठी आधीच एक शांत खोली ठेवतात. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांना दिसत नव्हते, तरी मदीनेत अजान देण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांची नुसती कीव केली गेली नाही, त्यांना जबाबदारी दिली गेली.

भगिनींनो, मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, नजर मिळवत नसेल, तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

राहिला तो वर्गातला मुलगा. माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडेच मागावी लागते, हे मी मुलांना शिकवत आले होते. गेल्या रमजानच्या आधी मी त्याच्या घरी गेले. तो आता जवान झाला आहे, वडिलांच्या दुकानात कांदे निवडतो. मी माफी मागितली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने एक चांगला कांदा माझ्यासमोर ठेवला. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होते. मी तो कांदा घरी आणला.