अस्तर

लग्नाला नऊ वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की वस्ती जाब विचारते तो सुनेलाच. आमच्याकडेही तेच झाले. आमच्या आईने तर हिला गुपचूप एका देवीचा नवस सांगितला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या बाईने! आम्ही हसलो. ही हसली नाही. आणि विहारात समतेवर भाषणे करणाऱ्या आम्ही स्वतःची तपासणी सहा वर्षे टाळली होती, हेही इथे कबूल केले पाहिजे.

शेवटी पतपेढीचे कर्ज काढून खासगी दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुरू केला. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर साडेपाच मिलिमीटर निघाले. डॉक्टरांना निदान सात तरी हवे असते. पाळीनंतर इस्ट्रोजेनमुळे हे अस्तर वाढते, मग प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भ धरून ठेवण्याजोगे होते, आणि तेही महिन्यात मोजके काही दिवसच. गोळ्या वाढवल्या, अस्तर वाढेना. तेव्हा दवाखान्याने ते नळीने खरवडून घ्यायला सांगितले. त्याने म्हणे गर्भ रुजतो. पैसे अर्थात वेगळे.

आम्ही सही करणारच होतो. पण विहारातल्या एक ताई सरकारी रुग्णालयात नर्स आहेत. त्या म्हणाल्या, "दादा, थांबा जरा. आमच्या बाईंना विचारू."

बाईंनी सांगितले, २०१९ साली १,३६४ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. अस्तर खरवडलेल्या शंभरांत सव्वीस जणींना मूल झाले, न खरवडलेल्या शंभरांतही सव्वीस जणींनाच. आम्ही जन्मभर जमाखर्च लिहिणारे. दोन्ही रकाने सारखे आल्यावर खर्च कशाला, एवढे आम्हाला कळते.

मग बाईंनी हिला विचारले, "माहेरी कुणाला टीबी होता का गं?" होता. हिच्या वडिलांना. एका खोलीत सात माणसे राहत. खोकला नसतानाही टीबी गर्भनलिकांत आणि अस्तरात दडून बसतो, हे आम्हाला तेव्हा कळले. अस्तराचा तुकडा तपासला, टीबीच निघाला. नऊ वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात, निदान सहा महिने घ्यायची. आत वण पडले असतील तर अस्तर पुन्हा वाढेलच असे नाही, हे बाईंनी लपवले नाही.

सध्या चौथा महिना चालू आहे. आई आता नवसाचे बोलत नाही. सकाळी हिच्या हातावर गोळ्या ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर बसून राहते.