खरजाच्या तारेतला गंधार

शालेय विज्ञानात ध्वनीचा पाठ बहुधा नादकाट्यापासून सुरू होतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण रबरावर आपटलेला नादकाटा जवळजवळ एकाच वारंवारितेचा, म्हणजे दर सेकंदाला एका ठरावीक संख्येने होणाऱ्या कंपनांचा, स्वच्छ ध्वनी देतो आणि व्याख्या समजावण्यास सोयीचा ठरतो. परंतु असा एकाकी ध्वनी नादकाट्याबाहेरच्या जगात क्वचितच भेटतो. माणसाचा कंठ, देवळातली घंटा, शेताच्या बांधावर वाजणारी बासरी, यांतला प्रत्येक स्वर हा अनेक कंपनांचा समुदाय असतो, आणि हे ज्या वाद्यातून सर्वांत उघडपणे ऐकू येते, तो तंबोरा सांगली जिल्ह्यातील मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे घडवला जात आहे. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे वाद्ये दुरुस्त करण्यापासून आरंभ केला आणि पुढे हेच कसब गावाची ओळख बनले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याच्या चार तारांची लांबी सारखीच असते. मेरूपासून घोडीपर्यंतचे अंतर सर्व तारांना एकच असूनही त्यांचे स्वर वेगळे येतात, याचे कारण तारेची वारंवारिता केवळ लांबीवर नव्हे, तर ताणावर आणि तारेच्या दर एकक लांबीमागील वस्तुमानावरही अवलंबून असते. ताण चौपट केला की वारंवारिता दुप्पट होते, आणि ताण तोच ठेवून त्याच धातूची दुप्पट जाडीची तार लावली की वस्तुमान चौपट होऊन वारंवारिता निम्म्यावर येते. म्हणून मधल्या दोन तारा, ज्यांना जोड म्हणतात, त्या बारीक पोलादी असतात आणि शेवटची खरजाची तार, जी जोडाच्या बरोबर निम्म्या वारंवारितेला मिळवायची असते, ती जाड पितळी असते. पोलादी तार नुसती सैल सोडूनही तेवढा खाली उतरलेला स्वर मिळाला असता, पण ताण एक चतुर्थांशावर आलेल्या त्या तारेत नादाचा जोर उरला नसता. पहिली तार रागानुसार पंचमाला किंवा मध्यमाला लावतात.

एवढ्या बारीक तारेचा आवाज दिवाणखानाभर कसा पोहोचतो, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. हवेत कंपणारी तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीतून खालच्या लाकडी तबलीत उतरते, तबलीचा रुंद पृष्ठभाग पुष्कळ हवेला हलवू लागतो आणि भोपळ्यातली कोंडलेली हवाही त्यात सामील होते. येथे नवी ऊर्जा निर्माण होत नाही. बोटाने तारेला दिलेली ऊर्जाच अधिक वेगाने हवेत जाते, म्हणूनच आवाज मोठा होतो आणि त्याच कारणाने तार काही वेळाने शांत होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरातून येणारे कडू भोपळे पूर्ण वाळवून, आतून कोरून हलके करण्यावर कारागीर एवढा वेळ खर्च करतात, कारण जड आणि ओलसर भिंत कंपनांची ऊर्जा स्वतःतच जिरवून टाकते.

एका वस्तूच्या कंपनाने, तिला न शिवता, तेवढ्याच नैसर्गिक वारंवारितेची दुसरी वस्तू कंपित होणे याला अनुस्पंदन म्हणतात. जोडाच्या एका तारेवर कागदाचा लहानसा घडी घातलेला तुकडा बसवून दुसरी तार छेडली, तर दोन्ही तारा अचूक जुळलेल्या असताना तो कागद थरथरून खाली पडतो, आणि थोडी जरी तफावत राहिली तर जागीच बसून राहतो. या प्रयोगाला लागणारे साहित्य कोणत्याही शाळेच्या संगीतवर्गात असते.

तरीही तंबोऱ्याचे खरे वैशिष्ट्य घोडीच्या माथ्यावर आहे. सतारीप्रमाणेच तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग अतिशय सौम्य उतरता ठेवलेला असतो. तार कंपत असताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि तिची परिणामी लांबी प्रत्येक कंपनात किंचित बदलत राहते. कानस लावून, घासून, वाजवून, पुन्हा घासून हा उतार साधण्याला मिरजेत जवारी काढणे म्हणतात, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा तार नेमकी कोठे टेकावी हे ठरवतो. ताणलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंपते: सबंध तार एक झोल घेते, त्याचवेळी ती दोन, तीन, चार, पाच समान भागांतही कंपते, आणि त्या भागांच्या वारंवारिता मूळ वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असतात. भौतिकशास्त्राचा जुना नियम असा, की तार जेथे छेडली तेथे ज्या कंपनप्रकाराचा स्थिर बिंदू येतो, तो प्रकार उत्पन्नच होत नाही. मध्यावर छेडलेल्या तारेतून दुप्पट आणि चौपट वारंवारितेचे स्वर ऐकू येऊ नयेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत: जे स्वर उमटू नयेत ते येथे स्पष्ट उमटतात, आणि त्याचे मूळ या रुंद घोडीत आहे. ज्या गोष्टीची दखल भौतिकशास्त्राने इतक्या उशिरा घेतली, ती कारागिरांच्या हाताला आणि कानाला कित्येक पिढ्या आधी साधलेली होती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे.

जोड २४० हर्ट्झला, म्हणजे दर सेकंदाला २४० कंपनांना, लावला असेल तर खरज १२० हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तारेतून २४०, ३६०, ४८० व ६०० हर्ट्झचे स्वरही निघतात. २४० हा षड्ज, ३६० पंचम, ४८० तार षड्ज आणि ६०० हा तार गंधार होय. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसतानाही गंधार ऐकू येतो, आणि गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ज्याला तो वेगळा ऐकायचा असेल त्याने खरजाच्या तारेला मेरूपासून एक पंचमांश अंतरावर बोटाचे टोक हलकेच टेकवून तार छेडावी आणि लगेच बोट उचलावे. मूळ स्वर दबतो आणि तो लपलेला गंधार एकटा पुढे येतो.

याच गंधाराने हार्मोनियमशी फार जुना वाद मांडला आहे. हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तिचा तार गंधार ६०० ऐवजी सुमारे ६०५ हर्ट्झचा येतो, आणि दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज दर सेकंदाला जवळपास पाच वेळा चढतो-उतरतो. हे हेलकावे लक्षपूर्वक ऐकणाऱ्या मुलांना मोजताही येतील. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथात स्वरांची अशीच गणिती मांडणी केली, आणि ज्यांची समाधी आज मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे त्या अब्दुल करीम खाँ यांनी देवलांच्या प्रयोगांना आपल्या गळ्याची साथ दिली. यंत्राच्या मापाची गायकाच्या कंठाशी पडताळणी करणारे हे काम महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या इतिहासातही नोंदले जायला हवे. संगीताच्या इतिहासापुरते ते ठेवणे अपुरे आहे. तंबोरा लावणारा मात्र कोणतेही माप न घेता घोडीच्या खालचा मणी केसभर सरकवत राहतो, जोडाच्या दोन तारांमधले हेलकावे मंद होत होत थांबेपर्यंत, आणि मग खरजाकडे वळतो.