तीन तारांवरचे वाचन

संहितेचा अर्थ संहितेतच शोधावा, ही शिकवण साहित्याच्या वर्गात आम्हांलाही मिळाली आणि ती आम्ही निष्ठेने पाळत आलो. पुढे उपजीविकेसाठी जे काम पत्करले त्याने मात्र या शिकवणीपुढे काही प्रश्न उभे केले. वीजमीटरात वा धुलाईयंत्रात बसवलेल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावरून, सीरियल तारेने, वाचणे हे ते काम. अशा प्रोसेसरला पडदा नसतो की कळफलक नसतो. त्याच्या आत काय चालले आहे हे जाणायचे तर डीबगर नावाचे साधन आपल्या मेजावरच्या संगणकावर बसून पलीकडे प्रश्न पाठवते.

आम्ही वापरतो तो जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली लिहिला आणि आजही तो वापरात आहे. दूरच्या प्रोसेसरशी बोलण्याची त्याची भाषा कमालीची मितभाषी आहे. आधी डॉलरचे चिन्ह, मग आज्ञा, मग '#' आणि शेवटी दोन अंकी पडताळा. सर्व रजिस्टरांतील मूल्ये हवी असल्यास रोमन लिपीतील 'जी' हे एकच अक्षर पुरते. त्याचा संकेतांक १०३, म्हणजे सोळाच्या पायावर ६७, म्हणून पडताळाही ६७. तो जुळला की अधिकचिन्ह परत येते. न जुळल्यास उणे, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागते. उत्तरे देणारा 'स्टब' नावाचा लहानसा भाग मात्र मूळ प्रोग्रामसोबत प्रोसेसरवर आधीच ठेवलेला असावा लागतो. आत असा दुभाषा नसेल तर बाहेरचा वाचक कितीही व्यासंगी असो, त्याला उत्तर मिळत नाही.

या संवादाला तीन तारा पुरतात: पाठवणारी, घेणारी आणि भूमीची. दोन्ही बाजूंना समान घड्याळ नसल्यामुळे वेग आधी ठरवून घ्यावा लागतो. वेग ११५२०० बॉड ठेवला आणि प्रत्येक अक्षरासाठी आरंभ-अंतासह दहा बिट धरले, तर सेकंदाला ११५२० अक्षरे जातात. मेमरीतील प्रत्येक बाइट दोन अक्षरांनी कळवला जात असल्याने ६४ किलोबाइट वाचण्यास अकरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे सगळेच मागवण्यापेक्षा नेमके काय विचारावे याचा विवेक येथे लवकर शिकावा लागतो. वेग जुळला नाही तर अक्षरे येत राहतात, पण त्यांचा काही अर्थ लागत नाही.

आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा याच्या पुढचा आहे. तारेवरून येतात ते केवळ आकडे. 'तापमान', 'झडप' ही नावे, ओळींचे क्रमांक, कोणते मूल्य कशाचे याचा तक्ता, हे सारे कम्पायलरने बनवलेल्या मेजावरच्या प्रतीत राहते. प्रोसेसरवर जाते ती नावे गाळलेली प्रत. या दोन प्रती निरनिराळ्या आवृत्त्यांच्या असल्या तर डीबगर सहसा तक्रार करीत नाही. तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवतो. एका मीटरच्या कामात तो एका टिप्पणीच्या ओळीवर थांबलेला दिसला. टिप्पणी माणसांसाठी लिहिलेली असते, प्रोसेसरपर्यंत ती पोहोचतच नाही. त्या एका अशक्य गोष्टीवरून प्रती वेगळ्या असल्याचे उघड झाले. दोन्हीकडच्या मजकुराचे पडताळे जुळवून पाहण्याची आज्ञा जीडीबीत आहे. पाठचिकित्सा अर्थचिकित्सेच्या आधी का यावी, हे आम्हांला त्या दिवशी नव्याने उमगले.

वाचताना थांबणे हीदेखील येथे निरुपद्रवी गोष्ट नाही. ब्रेकपॉइंट ठेवायचा म्हणजे मूळ आज्ञा काढून तेथे थांबण्याची आज्ञा लिहायची आणि पुढे जाताना मूळ आज्ञा परत बसवायची. प्रोग्राम फ्लॅशमध्ये असल्यास असे सहज लिहिता येत नाही. मग हार्डवेअरमधील मोजक्या जागांवर भागवावे लागते. कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरात अशा जागा साधारणतः सहा असतात. शिवाय प्रोसेसर थांबला तरी त्याच्याभोवतीचे जग थांबत नाही: मोटर फिरत राहते, बाहेरून संदेश येत राहतात.

जेथे थांबवणेच अशक्य, तेथे काय करावे? ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले मार्स पाथफाइंडर काही दिवसांत आपणहून पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागले. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर, घटनांच्या नोंदी चालू ठेवून, तोच प्रसंग घडवून आणला. हवामानाची नोंद ठेवणारे कनिष्ठ काम सामायिक साधनाचे कुलूप धरून बसे, मधल्या प्राधान्याचे काम त्याला पुढे सरकू देत नसे आणि वरिष्ठ काम त्या कुलपासाठी ताटकळत राही. प्रत्येक काम आपापल्या जागी रास्त होते. दोष तिघांच्या वेळांच्या संबंधात होता, आणि एकेक ओळ थांबून वाचणाऱ्याला तो दिसलाच नसता.

'संहितेतच शोधावे' ही शिकवण आम्ही टाकून दिलेली नाही. तारेपलीकडचे आकडे आमच्या इच्छेने बदलत नाहीत, आणि टिप्पणीच्या ओळीसारखी विसंगती आमच्या मनमानीला आळा घालतेच. परंतु त्या आकड्यांना आम्ही देतो ती नावे आमच्या मेजावरून येतात, हेही नाकारता येत नाही. म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. कवितेचा वा कादंबरीचा अर्थ मांडण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: आपण कोणती आवृत्ती वाचली, कोणत्या जागी थांबलो आणि कोणत्या संज्ञा आपल्यासोबत आणल्या. निबंधाच्या आरंभी त्यासाठी चार ओळी पुरेत.