इमानाचा शिक्का

आमचे बालपण लकडगंजात गेले. पूर्व नागपुरातली ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाली, सकाळपासून सुरू होणारी आरा मशीन, आणि पावसाळा आला की ओल्या भुशाचा आंबूस वास. धंदा बहुतेक कच्छी पटेलांचा. थोडे पुढे गेले की क्वेटा कॉलनी. ती माणसे कुठून उठून आली हे तिच्या नावातच लिहिलेले. आमचे अब्बा एका टालीवर मुनीम होते. घनफूट काढणे, वही लिहिणे आणि जंगलातून माल आला की कागद तपासणे हे त्यांचे काम.

त्या कागदाला टीपी म्हणत, म्हणजे वाहतुकीचा परवाना. शिवाय प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हॅमरची निशाणी असायची. अब्बा ओंडक्यासमोर उकिडवे बसत, बोटाने माती पुसत आणि निशाणी शोधत. साग कितीही उत्तम असो, निशाणी नसली की तो चोरीचा. लाकूड कसे आहे हे नंतर, आधी ते कुठले आहे हे सिद्ध व्हायला हवे. लहानपणी आम्हाला यात काही विशेष वाटले नाही. पुढे लिहायला लागलो तेव्हा त्या हॅमरचा आवाज वेगळ्याच ठिकाणी ऐकू येऊ लागला.

पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडाचा प्रसंग बसवला होता. वर्गात आमच्याहून धिप्पाड दोन मुले होती, तरी अफझलखान आम्हालाच मिळाला. निवड नावावरून झाली होती, हे कोणी बोलले नाही आणि आम्हालाही तेव्हा कळले नाही. पोटाला उशी बांधली, तागाची दाढी लावली. शेजारच्या पटेलाचा मुलगा महाराज झाला. पुठ्ठ्याची वाघनखे पोटात घुसली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मेल्या मेल्या आम्हीही खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्गात आमचे नाव ‘खान’ पडले. मुले चेष्टेने म्हणत. पण चेष्टा रोज झाली की तिची वही तयार होते.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की, 1659 च्या त्या भेटीला महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि खानाच्या बाजूला खंडोजी खोपडेही होता. पुढच्याच वर्षी, 1660 मध्ये, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चालून जाणारा सिद्दी हिलाल. त्या लढाईत हिलालचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराज पन्हाळ्यावरून निसटले तेव्हा विजापूरच्या दरबाराने जौहरवरच फितुरीचा संशय घेतला. म्हणजे इमान धर्माच्या रेषेवरून चालत नव्हते, ते माणसागणिक चालत होते. आमच्या शाळेच्या नाटकात मात्र सिद्दी इब्राहीमला प्रवेशच नव्हता. दोष गुरुजींचा एकट्याचा नाही. युद्धाची गोष्ट सांगणाऱ्याला घाई असते. त्याला दोनच रंग लागतात.

1971 च्या डिसेंबरात टालीवर रेडिओ चालू असायचा. अब्बा आत आले की रेडिओ कोणी बंद करत नसे, फक्त बोलणे थांबायचे. अब्बा वही उघडत आणि आकडे लिहीत बसत. ढाक्याची बातमी आली त्या दिवशी पेढे वाटले गेले. अब्बांना पेढा देताना वाटणारा क्षणभर थांबला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. अब्बांनी पेढा खाल्ला. घरी येऊन म्हणाले, “पेढा मीठा था, देखनेवाला कडवा था.” यापलीकडे त्या विषयावर ते आयुष्यात काही बोलले नाहीत.

अशा घरातला मुलगा पानिपताकडे वळला तर नवल नाही. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ कादंबरी 1988 साली आली आणि इब्राहीमखान गारदी मराठी घराघरात पोहोचला. आम्ही ती दोन रात्रींत वाचली. निजामाकडे असताना फ्रेंच कवायत शिकलेला हा तोफखान्याचा सरदार 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला. समोर अब्दाली, नजीबखान, शुजाउद्दौला, सारे त्याचेच धर्मबांधव. तो पकडला गेला आणि हाल होऊन मेला. त्याच रणातून मल्हारराव होळकर निघून गेले. ते शहाणपण होते की दगा, यावर मराठी माणूस अजून भांडतो. इब्राहीमखानाविषयी मात्र भांडण नाही. हे वाचून आमची छाती फुगली होती, हे कबूल करतो.

पण वाचता वाचता दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की, या लढाईची एक महत्त्वाची हकिकत आपल्याला ज्याच्याकडून मिळते तो काशीराज, दक्षिणी ब्राह्मण. तो होता शुजाउद्दौलाच्या नोकरीत, म्हणजे शत्रूच्या छावणीत, आणि त्याने लिहिले फारसीत. मराठ्यांसाठी मेलेल्या मुसलमानाची अखेर अब्दालीच्या गोटातल्या ब्राह्मणाने लिहून ठेवली. आता यातला आपला कोण आणि परका कोण?

दुसरी गोष्ट ‘गारदी’ या शब्दाची. 1761 मध्ये जो शब्द निष्ठेचा होता, तोच 30 ऑगस्ट 1773 नंतर दग्याचा झाला. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. त्या गारद्यांचा पुढारी सुमेरसिंग होता, आणि हुकूम घरातल्याच माणसाचा होता. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि ‘ध चा मा’ ही म्हण भाषेत राहिली. तलवार गारद्याची, पण दगा लेखणीचा. तरीही मराठीत बदनाम झाला तो गारदी. लेखणी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते, कारण तीच चूक पुढे आमच्या हातून झाली.

1999 चे कारगिल झाले. राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन त्या जूनमध्ये तुर्तुक भागात धारातीर्थी पडले, त्यांना वीरचक्र मिळाले. त्या बातम्या वाचून आम्ही एक कथा लिहिली. आमचा नायक लकडगंजातला रहमत, आरा मशीनवरच्या कामगाराचा मुलगा. गल्लीत त्याच्याकडे संशयाने बघतात. तो सैन्यात जातो आणि शेवटच्या परिच्छेदात छातीवर गोळी झेलून मरतो. तिरंग्यात गुंडाळलेला त्याचा देह येतो तेव्हा संशय घेणारे सारे रडतात. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पत्रे आली, एकाने तर लिहिले, ‘असे मुसलमान हवेत.’ आम्ही ते पत्र अब्बांना वाचून दाखवले.

अब्बा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी पूर्ण कथा ऐकवायला सांगितली. ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बेटा, मरे बगैर उसका इमान किसीको दिखता नहीं क्या?”

आम्ही अब्दुल हमीदचे नाव घेतले. 10 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता शहीद झालेला शिंप्याचा मुलगा, परमवीरचक्र. ब्रिगेडियर उस्मानांचे नाव घेतले, जे फाळणीत पाकिस्तानात गेले नाहीत आणि 3 जुलै 1948 रोजी झांगडला शहीद झाले. अब्बा म्हणाले, त्यांचे काम त्यांनी केले, त्यांना सलाम. ते काही कोणाला दाखवायला मेले नाहीत. तू मात्र तुझ्या पोराला दाखवायला मारलेस.

त्या रात्री झोप आली नाही. अब्बा बरोबर होते. आमचा रहमत शत्रूच्या गोळीने मेलाच नव्हता. आमच्या भीतीने त्याला मारले होते. वाचकाने टीपी मागण्याआधीच आम्ही त्याच्या देहावर हॅमर ठोकून मोकळे झालो होतो. युद्धाच्या कथेतला इतर कोणताही जवान घाबरतो, शिव्या देतो, घरच्या पत्रासाठी रडतो, कधी पळतोही, आणि तरी तो आपलाच राहतो. आमच्या रहमतला यातले काहीच करायची मुभा नव्हती. त्याच्यासाठी दोनच जागा, गद्दार किंवा शहीद. इतरांनी दोन जागा ठेवल्या तर तक्रार करता येते. आम्ही स्वतःच त्या दोन ठेवल्या, हा दगा कोणाच्या नावावर लिहायचा?

मग आम्ही आपल्याच शहराचा इतिहास उकरायला बसलो. सीताबर्डीची लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी छोटी टेकडी जिंकली होती, पण अखेर इंग्रज जिंकले. 16 डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. अरब मात्र शहरात शिरून लढत राहिले. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि 30 तारखेला अटी ठरवूनच शहर सोडले. राजा शरण गेला आणि भाडोत्री शिपाई लढला. हे इमान की हुकूम मोडणे? ते पगारासाठी होते की शब्दासाठी? आज तो दरवाजा गांधी गेट म्हणून ओळखला जातो. महालात जाताना आम्ही शेकडो वेळा त्याखालून गेलो, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

पुढे 1857. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी तीन वर्षांपूर्वीच खालसा केले होते. 13 जूनला टाकळीच्या घोडदळाने उठावाचा बेत केला. पायदळाला वळवायला गेलेला दफेदार दिलदारखान पकडला गेला, त्याला आणि त्याच्या साथीदारांना फाशी झाली. ज्यांचे राज्य गेले त्या घरातल्या वृद्ध बाकाबाईंनी मात्र आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. इंग्रजांच्या दप्तरात दिलदारखान बेइमान आणि बाकाबाई इमानी. आज आपण नेमके उलट म्हणतो. तरी बाकाबाईंनाही चटकन बेइमान म्हणायला आमची जीभ धजत नाही. आपल्या माणसांना तोफेच्या तोंडी जाऊ न देणे हेही एका म्हाताऱ्या बाईचे इमान असू शकते.

आमच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर नाही असे नाही. करबलाचा हुर आठवा. इमाम हुसैन यांची वाट अडवायला यझीदच्या बाजूने आलेला सरदार. इसवी सन 680 मध्ये, आशुऱ्याच्या दिवशी त्याने घोडा वळवला आणि ज्यांना अडवले त्यांच्याच बाजूने लढून मेला. लष्करी कायद्याने तो फितूर. पण मर्सिये त्याला रडतात आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘आझाद’. उलट ज्या कूफावाल्यांनी पत्रे पाठवून इमामांना बोलावले, ते जागेवरच राहिले आणि तोच दगा ठरला. तीच गोष्ट बिभीषणाची. कथेने त्याला भक्त म्हटले, म्हणीने घरभेदी. युद्धाचे मोठे साहित्य माणूस कोणत्या बाजूला उभा आहे एवढेच विचारून थांबत नाही. तो कशाला जागला, हे विचारते. आणि हे विचारायला माणूस आधी माणूस म्हणून कागदावर उतरावा लागतो. शिक्का म्हणून उतरलेल्याला कोण काय विचारणार?

मराठीत लिहिणाऱ्या आमच्या भावाबहिणींना म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते. इब्राहीमखान आणि अब्दुल हमीद यांची नावे जरूर घ्या, अभिमानाने घ्या. पण दाखला म्हणून खिशातून काढू नका. दाखला काढला की समोरच्याला तो मागण्याचा हक्क आपणच देतो. आणि गद्दार झालेला मुसलमान लिहायची वेळ आली, तर तोही लिहा, पूर्ण लिहा. मीर जाफर आपल्याकडेही झाला आणि खंडोजी त्यांच्याकडेही. एकट्याच्या पापाला बिरादरीची वही जोडली नाही म्हणजे झाले.

रहमतची कथा आम्ही पुन्हा लिहिली. या वेळी तो मरत नाही. महिन्याच्या रजेवर लकडगंजात येतो. पावसाने घराची चौकट कुजली आहे, ती बदलायची आहे. टालीवर जाऊन भाव करतो, पटेलाशी हुज्जत घालतो. रात्री आरा मशीन बंद झाल्यावरच्या शांततेने दचकून उठतो, मग आईने दिलेले पाणी पिऊन झोपतो. बस, एवढेच. एका संपादकांनी ‘कथेला शेवट नाही’ म्हणून ती परत पाठवली. त्यांचे फार चुकले असे नाही. चौकट बसली की नाही, हे आम्ही लिहिलेच नव्हते.

अब्बांना ती वाचून दाखवली तेव्हा त्यांची नजर गेली होती. ते उशीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “चौखट सागवान की ली उसने, के बबूल की?”

आम्ही म्हणालो, सागवानाची.

“फिर ठीक है,” अब्बा म्हणाले. “बारिश में टिकेगी.”

निशाणी बघितली का, हे मात्र त्यांनी विचारले नाही.